कुणालाच नको असलेलं यकृत

मे २०२१ मध्ये झुरिच विद्यापीठ रुग्णालयात एका कर्करुग्णाला जे यकृत बसवलं गेलं, ते त्याआधी तीन दिवस एका यंत्रात होतं. बर्फात नव्हे. उबदार रक्त त्यातून सतत वाहत होतं, ते पित्त तयार करत होतं, साखर वापरत होतं. शरीराबाहेर इतका काळ जिवंत ठेवलेलं यकृत माणसाला बसवण्याची ही पहिलीच वेळ. त्याचा सविस्तर अहवाल मे २०२२च्या अखेरीस ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात आला आणि ‘यकृत तीन दिवस टिकवलं’ अशी बातमी सगळीकडे झाली. बातमीत चूक काही नाही. पण ‘टिकवलं’ हा शब्द या प्रकरणाला अपुरा पडतो, आणि का पडतो ते सांगण्यासाठीच हे टिपण.

यकृत ज्या तरुण स्त्रीचं होतं, तिच्या मृत्यूनंतर ते प्रत्यारोपणासाठी देऊ करण्यात आलं आणि सगळ्या केंद्रांनी नाकारलं. नाकारण्याची कारणं वरवर पाहता भक्कम होती. यकृतात एक गाठ दिसत होती आणि ती कसली आहे हे ठामपणे सांगता येत नव्हतं. शिवाय दात्याला जंतुसंसर्ग झालेला होता. प्रत्यारोपणानंतर रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवावी लागते. अशा शरीरात कर्करोगाची एखादी पेशी किंवा दबा धरून बसलेला जंतू पाठवणं म्हणजे घरात विस्तव नेऊन ठेवण्यासारखं. ‘नको’ म्हणणाऱ्या शल्यचिकित्सकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

मात्र ही दोन्ही कारणं नीट पाहिली तर लक्षात येतं, की यकृत निकामी आहे असं कुणीच म्हटलेलं नव्हतं. गाठ साधी आहे की घातक? संसर्ग आटोक्यात येईल का? दोन्ही प्रश्नांना उत्तरं होती. फक्त ती मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता.

बर्फाचं घड्याळ

काढलेला अवयव थंड संरक्षक द्रावणाने धुऊन, त्याच द्रावणात बुडवून बर्फाच्या पेटीत ठेवायचा, ही जगभरातली रूढ पद्धत. ४ अंश सेल्सिअसच्या आसपास पेशींचा चयापचय नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. पण थांबत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. ऑक्सिजन नाही, तरी थोडं काम चालूच. ऊर्जेचा साठा म्हणजे एटीपी हळूहळू संपतो. पेशीतला सोडियम बाहेर फेकणारा पंप मंदावतो, पाणी आत शिरतं, पेशी सुजतात. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत, सक्सिनेट नावाचं एक द्रव्य साचत जातं. नवीन शरीरात ऊबदार, ऑक्सिजनभरलं रक्त येताच ते भराभर जळतं आणि त्यातून निघणारे ऑक्सिजनचे जहाल रेणू पेशींना आतून भाजून काढतात. म्हणजे अवयवाला मोठा मार बसतो तो रक्त थांबल्यावर नव्हे, रक्त परत आल्यावर.

बर्फ वेळ मारून नेतो, वेळ देत नाही. हृदयाला जेमतेम चार ते सहा तास मिळतात, यकृताला साधारण बारा, मूत्रपिंडाला त्याहून बरेच जास्त. यकृताच्या बारा तासांत काय काय बसवायचं? अवयव काढणं, प्रवास, रुग्णाला बोलावणं, त्याच्या तपासण्या, आणि जुनं यकृत काढण्याची कित्येक तासांची शस्त्रक्रिया. यातून तपासायला म्हणून हाती जवळजवळ काहीच उरत नाही. गाठीचा तुकडा गोठवून, पातळ काप घेऊन, अर्ध्या-पाऊण तासात सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतो, पण गोठवलेल्या कापात पेशींची ठेवण बिघडते आणि अवघड गाठींच्या बाबतीत पॅथॉलॉजिस्ट हात राखूनच बोलतो. मेणात बसवून केलेला पक्का काप दुसऱ्या दिवशी हाती येतो. त्यावर विशेष रंजकं वापरायची तर आणखी वेळ. जंतूंचं कल्चर वाढायलाही दिवस लागतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण ते शीत शिजेपर्यंत थांबायला तर हवं.

आणखी एक अडचण आहे. बर्फातलं यकृत मुकं असतं. ते कसं आहे हे त्याला विचारताच येत नाही. रंग बघायचा, हाताने दाबून पाहायचं, दात्याचं वय आणि रक्ताचे अहवाल वाचायचे आणि अनुभवाच्या जोरावर पैज लावायची.

पंपाची जुनी कल्पना

अवयवातून द्रव फिरवत ठेवायचा, म्हणजे परफ्युजन, ही कल्पना बर्फाच्या पेटीहून जुनी. अलेक्सिस कॅरल हे शल्यवैज्ञानिक आणि अटलांटिक एकट्याने ओलांडणारे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९३५ मध्ये काचेचा एक परफ्युजन पंप जगासमोर आणला होता. (लिंडबर्ग यांचं नाव या कथेत पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. ती चूक नाही.) १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फोल्कर्ट बेल्झर यांनी सतरा तास यंत्रावर ठेवलेलं मूत्रपिंड रुग्णाला बसवलं. पण यंत्रं अवजड, खर्चीक आणि सांभाळायला कटकटीची होती. पुढे बेल्झर यांनीच जेम्स साउदर्ड यांच्यासोबत विस्कॉन्सिन विद्यापीठात असं संरक्षक द्रावण तयार केलं, की थंड पेटीच पुरेशी वाटू लागली. यंत्राच्या पुरस्कर्त्यानेच यंत्र मागे पडण्याची सोय केली म्हणायची.

यंत्र परत आलं ते गरजेपोटी. दाते वयस्क होत गेले, चरबी साठलेली यकृतं येऊ लागली, हृदयक्रिया थांबल्यानंतर मिळणारे अवयव वाढले. असे अवयव बर्फ सोसत नाहीत. आज दोन वाटा आहेत. एक थंड: १० ते १२ अंशांवर, ऑक्सिजन मिसळलेला द्रव, रक्ताशिवाय. इथे पेशी शांतपणे ऊर्जा भरून घेतात, सक्सिनेट सावकाश संपतं, आणि पंप बंद पडलाच तरी अवयव थंडच असल्याने लगेच अनर्थ होत नाही. दुसरी उबदार: शरीराच्या तापमानाच्या जवळ, लाल रक्तपेशी घालून. इथे यकृत पूर्ण कामाला लागतं, म्हणून त्याची परीक्षा घेता येते. पण पंप अडला की काही मिनिटांत नुकसान सुरू. शिवाय कोमट रक्तासारखी जंतूंना आवडणारी जागा दुसरी नाही.

यातली कुठली वाट बरी यावर तज्ज्ञांची तोंडं दोन दिशांना असतात. माझ्या मते हा वाद थोडा फसवा आहे. अवयव चांगला आहे हे ठाऊक असेल आणि त्याला फक्त जपून न्यायचं असेल तर थंड यंत्र साधं आणि क्षमाशील. अवयवाबद्दल शंका असेल आणि तिचं उत्तर त्याच्याकडूनच हवं असेल तर उबदार यंत्राला पर्याय नाही. झुरिचचं यकृत दुसऱ्या प्रकारातलं होतं.

झुरिचचं यंत्र

उबदार परफ्युजनची यंत्रं तोवर बाजारात होतीच. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात २०१३ मध्ये अशा यंत्रावर ठेवलेलं यकृत पहिल्यांदा माणसाला बसवलं गेलं. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत बर्फाच्या तुलनेत यकृताची इजा सुमारे निम्म्यावर आली आणि टाकून द्यावी लागणारी यकृतंही निम्म्याने घटली. पण ही यंत्रं तासांच्या हिशोबाने बांधलेली. दिवसांचा हिशोब वेगळा असतो.

शल्यचिकित्सक पिएर-अलॅं क्लाव्हियाँ यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ‘लिव्हरफोरलाइफ’ हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा यंत्रातलं यकृत बारा तासच तग धरत होतं. डॉक्टर, जीवशास्त्रज्ञ आणि अभियंते वर्षानुवर्षं एकाच प्रश्नाशी झगडत होते: शरीर यकृतासाठी असं काय करतं, जे आपण करायला विसरतोय?

यादी निघाली ती अशी. पंप हे हृदय, ऑक्सिजनेटर ही फुप्फुसं. इथवर सगळेच पोचले होते. पण यकृतात दोन वाटांनी रक्त येतं. धमनीचं रक्त ठोक्यांनी, जोरात. आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेचं संथ, कमी दाबाने, पण एकूण रक्ताचा बहुतांश हिस्सा त्याच वाटेने. दोन्ही दाब वेगवेगळे सांभाळावे लागतात. तासागणिक लाल पेशी फुटतात, क्षार बिघडतात, टाकाऊ द्रव्यं साचतात. शरीरात ते मूत्रपिंड निस्तरतं, म्हणून यंत्रात डायलिसिसची सोय. आतडं आणि स्वादुपिंड नाहीत, म्हणून पोषणद्रव्यं आणि संप्रेरकं बाहेरून. साखर वर गेली की इन्सुलिन, खाली आली की ग्लुकागॉन, आणि ही देवघेव यंत्र स्वतःच करतं. रात्री तीनला कुणी झोपेतून उठून मात्रा ठरवायची, अशी व्यवस्था तीन दिवस चालत नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग मात्र वेगळाच. प्रौढ माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं, मऊ, स्वतःच्याच भाराने दबणारं. शरीरात ते श्वासपटलाखाली टांगलेलं असतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर खालीवर होतं. भांड्यात स्थिर ठेवलं तर खालचा भाग सतत दबलेला राहतो आणि तिथलं रक्त अडून ऊती मरतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पाठीवर व्रण होतात तसंच. म्हणून झुरिचच्या यंत्रात यकृत श्वासाच्या लयीत हलवलं जातं. श्वास घ्यायला माणूस नाही, तरी यकृताला श्वासाची आठवण करून द्यायची. बारा तासांत ही उणीव जाणवली नसती. दिवस उलटले की जाणवते.

जानेवारी २०२० मध्ये या गटाने निकाल मांडला. नाकारलेली दहा मानवी यकृतं यंत्रावर ठेवली, त्यातली सहा आठवडाभरात पूर्ण कार्यक्षम झाली. चार झाली नाहीत. बातम्यांत सहांचं कौतुक झालं, पण या चारांमुळेच निकालावर विश्वास बसतो. यंत्राने वाईट यकृतालाही चांगलं म्हटलं असतं तर त्याचा उपयोग काय?

यंत्रातले तीन दिवस

त्या तरुण दात्याचं यकृत यंत्रावर चढलं तेव्हा ते, खरं बोलायचं तर, रुग्ण झालं. त्याला औषधं सुरू झाली. संसर्गासाठी प्रतिजैविकं, चयापचय सावरायला संप्रेरकं. इथे एक सोय अशी, की यकृत एकटं असतं. एरवी कुठलंही जहाल प्रतिजैविक देताना मूत्रपिंडाचं काय, कानाचं काय, अशी काळजी असते. यंत्रात मूत्रपिंड म्हणजे एक गाळणी, आणि तिची काळजी नसते.

दरम्यान गाठीचा तुकडा तपासायला गेला. अहवाल येईपर्यंत कुणाला घड्याळाकडे बघायची गरज नव्हती. गाठ कर्करोगाची नव्हती. सगळ्या केंद्रांचं घोडं जिथे अडलं होतं, तो प्रश्न पॅथॉलॉजीच्या टेबलावर, पॅथॉलॉजीच्याच गतीने सुटला.

मग उरला प्रश्न, यकृत स्वतः कसं आहे? उबदार यंत्रात ते बोलू लागतं, फक्त त्याची भाषा कळायला हवी. पहिला शब्द लॅक्टेट. ऑक्सिजनविना राहिलेल्या पेशी लॅक्टेट तयार करतात आणि निरोगी यकृत ते खाऊन टाकतं. म्हणून फिरत्या रक्तातलं लॅक्टेट खाली येतंय का, हे सगळ्यात आधी बघतात. बर्मिंगहॅमच्या एका चाचणीत नाकारलेल्या ३१ यकृतांची अशीच परीक्षा घेतली गेली. चार तासांत लॅक्टेट लिटरला २.५ मिलिमोल किंवा त्याखाली आलंच पाहिजे, ही मुख्य अट. जोडीला पित्त, सामू, साखर, रक्तप्रवाह यांपैकी काही खुणा. २२ यकृतं उत्तीर्ण झाली आणि बसवली गेली. तीन महिन्यांनंतर ते २२ही रुग्ण हयात होते.

पण याच चाचणीत एक कडू घोट आहे. त्या २२ पैकी चौघांच्या पित्तनलिका पुढे आक्रसल्या आणि त्यांना पुन्हा प्रत्यारोपण करावं लागलं. लॅक्टेट चांगलं, पेशी चांगल्या, आणि नलिका खराब. असं होतं कारण यकृताच्या पेशींना दोन्ही वाटांचं रक्त मिळतं, पित्तनलिकांना मात्र फक्त धमनीचं. उपासमार झाली की आधी त्या मरतात, आणि बोलतात महिनोन् महिने उलटल्यावर. म्हणून यंत्रात नुसतं पित्त झरतंय यावर समाधान मानायचं नसतं, ते पित्त कसं आहे हे बघायचं असतं. नलिकांचं अस्तर निरोगी असेल तर ते पित्तात बायकार्बोनेट सोडतं आणि पित्तातली साखर परत शोषून घेतं. म्हणजे चांगलं पित्त अल्कधर्मी, सामू ७.५च्या वर, आणि साखर भोवतालच्या रक्तापेक्षा कमी. नळीतून थेंबथेंब पडणारा हिरवट-पिवळा द्रव, त्याचा एक थेंब तपासणीयंत्रात, आणि वर्षभरानंतरच्या आजाराचा अंदाज आज. बर्फाच्या पेटीत यातलं काहीच शक्य नव्हतं.

ज्याने होकार दिला

आता दुसरी बाजू. ज्याला हे यकृत बसवलं तो माणूस प्रतीक्षायादीवर होता, यकृतात कर्करोग, आणि नेहमीच्या वाटेने त्याच्यापर्यंत यकृत लवकर पोचण्याची शक्यता धूसर. मंजुरी घेतलेल्या वैयक्तिक उपचार-प्रयोगाखाली डॉक्टरांनी त्याला विचारलं: सगळ्यांनी नाकारलेलं, तीन दिवस यंत्रात राहिलेलं, याआधी कुणालाही अशा रीतीने न बसवलेलं यकृत घ्याल का?

या होकाराकडे मी थोडा साशंकपणे बघतो. ज्याच्यापुढे दुसरी वाट जवळपास नाही, त्याची संमती कितपत मोकळी, हा प्रश्न वैद्यकात जुनाच आहे आणि यंत्र आलं म्हणून तो सुटत नाही. पण एक फरक पडला, तो महत्त्वाचा. एरवी असा फोन रात्री-अपरात्री येतो. तासाभरात निघा, बाकी वाटेत ठरवू. इथे विचारणाऱ्याच्या हातात माहिती होती. गाठ तपासलेली, औषधं दिलेली, यकृताचं काम दिवसचे दिवस पाहिलेलं. ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत होते. घाईत दिलेला होकार आणि बसून दिलेला होकार यांची किंमत सारखी नसते.

काय सिद्ध झालं, काय नाही

हे एक प्रकरण आहे. एक यकृत, एक रुग्ण. तुलनेला गट नाही. तीन दिवस लागलेच असते का, की दीड दिवसातही भागलं असतं, हे यातून कळत नाही. दात्री तरुण होती हेही विसरून चालणार नाही. यकृत मुळात दणकट असण्याची शक्यता भरपूर. ‘खराब यकृत यंत्राने दुरुस्त केलं’ असं जे लिहिलं गेलं, ते मला म्हणूनच पटत नाही. चरबीने भरलेलं, वयस्क, ऑक्सिजनविना बराच काळ राहिलेलं यकृत यंत्रात सुधारून दाखवणं ही वेगळी आणि कितीतरी कठीण परीक्षा आहे. २०२०च्या त्या चार यकृतांना ती देता आली नव्हती. इथे यंत्राने जे पुरवलं ते मुख्यतः उत्तरं मिळेपर्यंतचे दिवस, आणि त्या दिवसांत करता आलेले उपचार. ते कमी आहे असं कुणी म्हणू नये. किती अवयव दोषामुळे फेकले जातात आणि किती केवळ शंकेमुळे, हा हिशोब बर्फाच्या काळात मांडताच येत नव्हता.

खर्च आणि माणसं हा भाग अहवालांत थोडक्यात उरकला जातो, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. असं यंत्र चालवायचं म्हणजे तीन दिवस, चोवीस तास, समजणारी माणसं जवळ हवीत. यंत्र इन्सुलिन आपलं आपण देईल, पण धमनीतला प्रवाह अचानक घसरला तर नळी मुरगळली आहे, की गुठळी झाली आहे, की यकृतच खालावतं आहे, हे ठरवायला माणूसच लागतो. अनेक दिवसांचं परफ्युजन सगळ्या यकृतांसाठी कधीच नसेल. ज्यांच्याविषयी प्रश्न आहेत आणि त्या प्रश्नांना उत्तर मिळू शकतं, त्यांच्यासाठी आहे.

रुग्णाचं पुढे काय झालं? नवीन शरीरात रक्त खेळू लागल्यावर यकृताला झालेली इजा अगदी किरकोळ होती. म्हणजे बर्फातून आलेल्या अवयवाला जो भाजणारा क्षण सोसावा लागतो, तो इथे जवळपास आलाच नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही बेताचीच लागली. ती कशामुळे, याचा उलगडा एका रुग्णावरून होणार नाही. काही दिवसांत तो घरी गेला. वर्षभरानंतर तपासलं तेव्हा अवयव नाकारल्याची खूण नव्हती, आणि पित्तनलिका शाबूत होत्या.